छोट्या देशाचा बिनपगारी सल्लागार

माझी मुलगी दहावीत असताना तिला एक देश मिळाला. चिठ्ठी उचलून मिळाला. लोकसंख्या तीन लाख चाळीस हजार, बंदर एक, मासे डबाबंद करण्याचा कारखाना एक, गस्ती नौका एक. किनाऱ्यापासून काही अंतरावर समुद्रात एक खडक होता, खडकावर दीपगृह होतं, आणि त्या खडकावर शेजारचा मोठा देश हक्क सांगत होता. मोठ्या देशाची लोकसंख्या चार कोटी दहा लाख. म्हणजे एकास एकशे वीस, वर थोडी.

हा सगळा प्रकार नागरिकशास्त्राच्या तासाचा. आमच्या वेळी नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या शेपटाला बांधलेला विषय. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ग्रामपंचायतीची कर्तव्यं पाठ करायची की झालं. इथे जर्मनीत, बॉबलिंगेनच्या शाळेत त्याचं वजन भौतिकशास्त्राइतकं. शिक्षकांनी एक काल्पनिक समुद्र आखला होता, वर्गातल्या सव्वीस मुलांचे नऊ गट पाडले होते, आणि तीन आठवड्यांत तीन फेऱ्यांत खडकाचा वाद वाटाघाटींनी सोडवायचा होता. दोन भांडणारे देश सोडले तर उरलेले सात गट म्हणजे तीन शेजारी देश, मच्छीमार संघटना, जहाज कंपनी, न्यायालय आणि वर्तमानपत्र. छोट्या देशात तीन मुलं होती. दोन मुलग्यांनी राष्ट्राध्यक्ष आणि सेनापती ही पदं लगेच घेऊन टाकली. परराष्ट्रमंत्रिपद कुणाला नको होतं, कारण त्यात बोलावं लागतं. ते माझ्या मुलीकडे आलं.

आणि तीच तर अडचण होती. माझी मुलगी वर्गात बोलत नाही.

जर्मनीत गुण उलटे असतात. एक म्हणजे उत्तम, सहा म्हणजे बुडालात. लेखी परीक्षेत तिला कायम एक किंवा दोन. पण निम्मे गुण तोंडी असतात, म्हणजे तासाला हात वर करून किती वेळा काय बोललात याचे. त्यात तिला चार. शिक्षक-पालक भेटीला दहा मिनिटं मिळतात. शिक्षकांनी त्यातली सहा वापरली. सायकलचं हेल्मेट मांडीवर ठेवून ते म्हणाले, "तुमची मुलगी हुशार आहे, हे मला तिच्या पेपरवरून कळतं. तिच्याकडून कळलेलं नाही." शेवटच्या दोन वर्षांसाठी मुलीला हाच विषय मुख्य म्हणून घ्यायचा होता. दुसरं काहीही तिला घ्यायचं नव्हतं. शिक्षकांचं म्हणणं असं की तोंडी चार राहिले तर मी शिफारस करणार नाही. या खेळात ती बोलली तर बघू.

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "तुमच्यासमोर घरात कुणाला बोलायला मिळालंय कधी? सवय कुठून होणार?"

मी ते मनावर घेतलं नाही. मी नकाशा मागितला.

मोठा देश कुणाला मिळाला ते सांगायला हवं. आमच्याच इमारतीत दोन मजले वर माझा एक मित्र राहतो. तोही पुण्याचा, मीही पुण्याचा. तो पौड रस्त्याचा, मी सातारा रस्त्याचा, आणि जर्मनीत वीस वर्षं काढूनही हा फरक तो मला विसरू देत नाही. दोघेही मोटारींच्या धंद्यात. तो सॉफ्टवेअर लिहितो, मी ब्रेकचे भाग मापात आहेत की नाहीत ते पाहतो. त्याची मुलगी माझ्या मुलीच्याच वर्गात, तिची मैत्रीण, आणि तोंडी गुणांत कायम एक. ती झोपेतसुद्धा हात वर करत असावी. तिनं चिठ्ठी उचलली तर निघाला मोठा देश.

दुसऱ्या दिवशी जिन्यात मित्र भेटला.

"काय रे, तुमचा देश स्वतःचा आहे की भाड्याचा?"

"आकारावर जाऊ नकोस," मी म्हणालो.

"लोकसंख्या किती म्हणालास? साडेतीन लाख? अरे, आमच्या कोथरूडमध्ये त्याहून जास्त माणसं रोज पार्किंग शोधत फिरतात."

"तीन लाख चाळीस हजार. साडेतीन नाही."

"दहा हजारांनी काय फरक पडतो?"

"तुमच्या चार कोटींत पडत नसेल," मी म्हणालो. "आमच्यात तीन टक्के पडतो."

इथून ते बिनसलं.

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, खेळ मुलींचा, बापांचा काय संबंध? पण ज्यानं पुण्यात दिवाळीचा किल्ला पाहिलाय त्याला हे विचारावं लागणार नाही. किल्ला मुलांचा असतो. माती मुलं आणतात. मग वडील चप्पल काढून खाली बसतात, बुरूज चुकलाय म्हणतात, आणि लक्ष्मीपूजनापर्यंत मुलांना किल्ल्याला हात लावायची परवानगी नसते. शाळेचे प्रकल्पही आमच्याकडे असेच होतात. आई तक्ता लिहिते, वडील थर्माकोल कापतात, मूल सादर करतं. ही परंपरा मी जर्मनीतही प्रामाणिकपणे आणली. मुलगी चौथीत असताना तिला सरदाराचा किल्ला करायला सांगितला होता. खंदकावरचा पूल खरोखर वर-खाली होईल असा मी केला, तीन संध्याकाळी लागल्या. बाईंनी वहीत लिहिलं, 'वडिलांचं काम फार छान झालं आहे. आता मुलीचं पाहायला आवडेल.' मी त्यातलं पहिलं वाक्य पुण्याला फोन करून सगळ्यांना वाचून दाखवलं.

तर नकाशा. तो शिक्षकांनी झेरॉक्स करून वाटला होता आणि तिथेच पहिली गफलत होती. कोपऱ्यात उत्तर-दक्षिण दाखवणारं वर्तुळ होतं. ते वर्तुळ नव्हतं. स्टीलच्या पट्टीनं मोजलं तर उभं वीस मिलिमीटर, आडवं एकोणीस. म्हणजे झेरॉक्स करताना नकाशा आडवा पाच टक्के आखडला होता. दोन्ही किनाऱ्यांपासून समान अंतरावर मध्यरेषा काढली तर आखडलेल्या नकाशात खडक मोठ्या देशाकडे पडत होता. नकाशा पूर्ववत केला की तो एक पूर्णांक चार दशांश मिलिमीटरनं आमच्याकडे येत होता. एवढ्यावर युद्धं झाली आहेत.

मी शिक्षकांना सविस्तर पत्र लिहिलं. मोजमापं, दुरुस्त नकाशा, पद्धत, सगळं जोडलं. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. एका ओळीचं. 'आभारी आहे. परंतु हा समुद्र अस्तित्वात नाही.'

मुलीनं ते वाचलं. ती आमचं मराठी सगळं समजते आणि उत्तरं जर्मनमध्ये देते. या वेळी तिनं कुठल्याच भाषेत दिलं नाही.

मी थांबलो नाही. दहा दिवसांत फाइल तयार झाली. पानं अडतीस, तक्ते अकरा, परिशिष्टं तीन, सुरुवातीला अनुक्रमणिका. किनाऱ्याची लांबी, खोली, माशांचं उत्पन्न, दीपगृहाच्या दिव्याला लागणारी वीज. प्रत्येक आकड्यापुढे तो कशावरून काढला ते दिलं होतं. छोट्या देशाकडे सैन्य नसतं, म्हणून त्याच्याकडे बरोबर आकडे असले पाहिजेत, असं माझं मत होतं.

वर दोन मजल्यांवर मित्रानं दुसरी दिशा धरली होती. त्यानं मोठ्या देशाला इतिहास दिला. शिक्षकांनी दिलेल्या कागदावर इतिहास दीड ओळीचा होता. मित्रानं तो तीनशे वर्षं मागे नेला. कुणा राजानं खडकावर दगड रोवला होता, कुणा राणीनं तिथे नवस बोलला होता. शिवाय मोठ्या देशातल्या कोळ्यांचं एक लोकगीत पुरावा म्हणून जोडलं होतं. ते त्यानं शनिवारी लिहिलं होतं.

"लोकगीत शनिवारी लिहितात?" मी जिन्यात विचारलं.

"लोकांच्या भावना आहेत त्या."

"कुठल्या लोकांच्या? चार कोटी दहा लाखांतला एकही जन्मलेला नाही."

"हे बघ," तो म्हणाला, "मोठ्या देशानं मोठ्यासारखंच वागायचं असतं. आम्ही मागत नाही. आम्ही कळवतो."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. याच माणसाबरोबर मी एकदा परदेशी नागरिकांच्या कचेरीत गेलो होतो. परवान्याची मुदत संपायला चार दिवस उरले होते. ऐन जुलैत तो कोट घालून आला होता, दोन फायली, प्रत्येक कागदाच्या तीन प्रती, खालचा फोटो चिकटवलेला आणि वरचा सुटा, कारण कधी हा मागतात कधी तो. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता तीन महिन्यांची चिठ्ठी दिली. त्यानं अकरा वेळा आभार मानले, त्यातले दोन दाराला. छोट्या देशानं कसं वागायचं हे आम्हा दोघांनाही कुणी शिकवायची गरज नाही. आम्ही इथे वीस वर्षं तेच करतोय. वेळ मागून घ्यायची, नमस्कार करायचा, हवं ते कधीच पहिल्या वाक्यात सांगायचं नाही. आणि शाळेच्या एका चिठ्ठीवर मोठा देश निघाला तर हा गृहस्थ मला कळवायला लागला.

अर्थात मी तरी काय करत होतो? मीही विसरलोच होतो. त्या खिडकीशी आकडेवारी घेऊन गेलेला माणूस मी अजून यशस्वी झालेला पाहिलेला नाही.

पहिल्या फेरीत मोठ्या देशानं खडकाभोवती दोन जहाजं उभी केली. मित्राच्या मुलीनं बारा मिनिटं भाषण केलं. छोट्या देशाच्या सेनापतीनं आपली गस्ती नौका पाठवतो म्हणून जाहीर केलं आणि राष्ट्राध्यक्षानं ती परत बोलावली. परराष्ट्रमंत्री एक शब्दही बोलली नाही. शिक्षकांच्या तक्त्यात तिच्या नावापुढे शून्य.

"फाइल उघडलीस का?" मी विचारलं.

"हो."

"मग?"

"जड आहे," ती म्हणाली.

त्या रविवारी आम्ही बोडेनझेला गेलो. बॉबलिंगेनहून दीड-दोन तासांवरचं हे प्रचंड सरोवर. एका काठाला जर्मनी, समोर स्वित्झर्लंड, कोपऱ्यात ऑस्ट्रिया. निघताना बायको म्हणाली, "अहो, एक दिवस तरी तो खडक घरी ठेवा." मी फाइल गाडीच्या डिकीत ठेवली.

फ्रीडरिशहाफेनहून पलीकडे स्वित्झर्लंडला जाणारी बोट घेतली. पाऊण तासाचा प्रवास. बोट सुटल्याबरोबर बोटीवरचे सगळे भारतीय एकच काम करतात, मोबाइलचा डेटा बंद करतात. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, तिथलं नेटवर्क चुकून लागलं तर बिल येतं. पण बंद नेमका कधी करायचा? बायकोच्या फोनवर स्वागताचा संदेश पाण्यात एका ठिकाणी आला, माझ्या फोनवर बराच पुढे. म्हणजे काही मिनिटं ती स्वित्झर्लंडमध्ये होती आणि मी जर्मनीत, आणि आम्ही एकाच बाकावर बसून एकाच डब्यातल्या शंकरपाळ्या खात होतो. मला हे खपेना. मी बोटीवरच्या कर्मचाऱ्याला गाठलं. दोर गुंडाळत होता, साठीचा असावा.

"सरहद्द नक्की कुठे आहे?"

"कसली?"

"स्वित्झर्लंड कुठून सुरू होतं?"

त्यानं खालच्या उपाहारगृहाकडे बोट दाखवलं. "कॉफी महाग होते तिथून."

मी म्हणालो, विनोद नको, रेषा सांगा. तो म्हणाला, रेषा नाहीये. मला वाटलं टाळतोय. पण मुलीनं, जिचा डेटा अर्थातच चालू होता, फोनवर वाचून काढलं की सरोवराच्या या मोठ्या भागात तिन्ही देशांची सरहद्द आजतागायत ठरलेलीच नाही. स्वित्झर्लंड म्हणतं, बरोबर मधोमध. ऑस्ट्रिया म्हणतं, काठाजवळचं ज्याचं त्याचं आणि मधलं पाणी तिघांचं मिळून. जर्मनी आजवर नक्की काहीच बोललेलं नाही.

"अशक्य आहे," मी म्हणालो. "मग बोटी कशा चालतात?"

"तू बसलायस ना बोटीत?" मुलगी जर्मनमध्ये म्हणाली.

काठाची लांबी मला माहीत होती, निघण्यापूर्वी पाहिली होती. एकूण दोनशे त्र्याहत्तर किलोमीटर. जर्मनीचे एकशे त्र्याहत्तर, स्वित्झर्लंडचे बहात्तर, ऑस्ट्रियाचे अवघे अठ्ठावीस. "बघ," मी म्हणालो, "ज्याचा काठ दहा टक्के तो म्हणतो सगळं सगळ्यांचं. वाटणी झाली तर एक कोपरा मिळेल, नाही झाली तर अख्ख्या सरोवरात तिसरा भागीदार. लबाड आहेत!"

मुलगी माझ्याकडे वळली. बऱ्याच दिवसांनी तिनं माझ्याकडे असं पाहिलं. "गेनाऊ," म्हणाली, म्हणजे अगदी बरोबर. आणि फोनवर काहीतरी लिहू लागली. मला वाटलं, माझा मुद्दा टिपून घेतेय. घेतला होताही, पण मी ज्या बाजूनं मांडला होता त्याच्या उलट्या बाजूनं.

दुसऱ्या फेरीतही तक्त्यात शून्य. पण वरच्या मजल्यावरून तक्रार आली.

"तुझी मुलगी फितवतेय," मित्र म्हणाला.

"कुणाला?"

"सगळ्यांना. मधल्या सुट्टीत एकेका गटाला जाऊन भेटते. कोपऱ्यात. मच्छीमार फोडले, जहाज कंपनी फोडली. न्यायालयाला काल चॉकलेट दिलं."

"चॉकलेट आमच्या घरात सगळ्यांनाच देतात."

"हे नियमात बसत नाही."

"नियम कुठल्या पानावर आहे ते दाखव," मी म्हणालो, आणि मनातून मात्र हबकलो. कोपऱ्यात बोलल्याचे गुण मिळत नाहीत. गुण फक्त सभागृहात, हात वर करून, सर्वांसमोर बोलल्याचे. ही सगळी मेहनत तक्त्याबाहेर चालली होती.

त्या आठवड्यात मित्राशी संबंध तुटले. रविवारचं बॅडमिंटन बंद झालं. त्याच्या मिक्सरचं चटणीचं भांडं दोन वर्षं आमच्याकडे होतं, ते त्यानं मागून घेतलं. आम्ही त्यात नारळ वाटून ठेवला होता, तो बायकोनं डब्यात काढला आणि भांडं न धुता वर पाठवलं. हा तिचा एकमेव लष्करी निर्णय. नंतर कळलं की दोघी बायका या सगळ्या काळात रोज संध्याकाळी एकत्र फिरायला जात होत्या. आम्हाला कळवण्याची गरज त्यांना वाटली नव्हती. मुली तर एकाच बसनं जात-येत होत्या, हे आम्हाला दिसत होतं आणि त्याचा अर्थ लावायचं सुचलं नव्हतं.

तिसरी फेरी शुक्रवारी सकाळी शाळेच्या सभागृहात, पालकांसाठी खुली. मी अर्धी रजा टाकली. मित्रानंही टाकली होती. सव्वीस मुलांमागे एकूण पाच पालक आले होते, त्यातले दोन आम्ही. मधे एक खुर्ची सोडून बसलो.

माझी फाइल मला लगेच दिसली. वर्तमानपत्राच्या गटाचा प्रोजेक्टर पडद्याच्या मानानं खाली येत होता, त्याच्याखाली ती बसवली होती. उंची अगदी बरोबर आली होती, हे मान्य केलं पाहिजे.

मित्राच्या मुलीनं सुरुवात केली. तीनशे वर्षं, राजा, राणी, दगड. लोकगीतही म्हटलं. मित्राचे ओठ बरोबरीनं हलत होते. ती बसल्यावर टाळ्या पडल्या. मग छोट्या देशाचं नाव पुकारलं.

माझी मुलगी उठली. हातात एकच कागद. ती तीन वाक्यं बोलली. पहिलं, खडक आमचा आहे असं आमचं म्हणणं नाही. दुसरं, तो तुमचा आहे असंही आम्ही म्हणणार नाही, आणि कुणी कधी म्हणावं अशी आमची अपेक्षाही नाही. तिसरं, दिवा आणि मासे सांभाळायला नऊ गटांचं एक मंडळ असावं, निर्णय एकमतानं व्हावेत, अध्यक्षपद पहिली पाच वर्षं मोठ्या देशाकडे आणि कचेरी आमच्या बंदरात. या कागदावर सात गटांच्या सह्या आहेत.

आणि खाली बसली.

मी हिशेब करत होतो. एकमतानं निर्णय म्हणजे प्रत्येकाला नकाराचा अधिकार. एकास एकशे वीस होतं ते एकास एक झालं. अध्यक्षाची खुर्ची मोठ्या देशाला, मिरवायला. आणि कचेरी आमच्याकडे, म्हणजे सगळ्या बैठका, सगळी उपाहारगृहं, आणि सगळ्यांनी यायचं आमच्याकडे. माझ्या अडतीस पानांत कचेरी हा शब्द नव्हता.

मित्राच्या मुलीनं विचारासाठी पाच मिनिटं मागितली. ती दोन मिनिटांत परत आली, पेनचं टोपण काढलेलंच होतं.

तेव्हा माझा मित्र उभा राहिला आणि त्या सभागृहात, मुख्याध्यापिका बसलेल्या असताना, मराठीत ओरडला, "अगं ए! सही करू नकोस! कचेरी आपल्याकडे घे आधी!"

 हे वाक्य समजलेली माणसं तिथे चारच होती. त्यातल्या दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या, कारण बघितलं असतं तर हसू आवरलं नसतं. मित्राच्या मुलीनं हात वर केला आणि जर्मनमध्ये म्हणाली, "प्रेक्षकांतून आलेला हस्तक्षेप इतिवृत्तात घेऊ नये, ही विनंती." आणि सही केली.

परतताना आम्ही दोघे एकाच रस्त्यानं चालत होतो. दुसरा रस्ताच नाही.

"फसवलं तुझ्या मुलीनं," तो म्हणाला.

"अध्यक्षपद तुमच्याकडे आहे."

"त्या खुर्चीचं लोणचं घालू?" थोडं चालल्यावर म्हणाला, "कधी ठरवलं असेल रे त्यांनी हे?"

"बसमध्ये. दहा दिवस झाले असतील."

"आणि मी लोकगीत लिहीत बसलो होतो."

गुण बुधवारी कळले. मित्राच्या मुलीची तीन फेऱ्यांत एकेचाळीस निवेदनं, तोंडी एक. माझ्या मुलीचं एक निवेदन, तीन वाक्यांचं. दर्जा, एक. प्रमाण, पाच. सरासरी तीन, आणि आधीच्या महिन्यांच्या शांततेसकट चार. कायम. शिफारस नाही.

तिनं हे जेवताना सांगितलं आणि वरण मागून घेतलं.  वाटी टेबलावर ठेवताना थोडं सांडलं, ते तिनं स्वतःच पुसलं.

मी संगणक उघडला. तह झाला तो तिच्यामुळे, आणि तक्त्यात मोजलं गेलं ते फक्त तोंड किती वेळा उघडलं ते! निवेदनांच्या संख्येला परिणामानं गुणावं, असं सूत्रच मांडलं. दोन पानं झाली होती. ती मागे येऊन उभी राहिली.

"बाबा, नाइन," म्हणाली, म्हणजे नको.

"अगं, हे अन्यायाचं आहे. आकड्यांनी सिद्ध होतंय."

मग ती मराठीत बोलली. सावकाश, शब्द शोधत. "तू पत्र पाठवलंस तर ते तुला उत्तर देतील."

"मग?"

"मला नाही."

बायको भांडी घासत होती, तिनं नळ बंद केला. मी दोन पानं पुसून टाकली. खरं सांगायचं तर बाजूला साठवून ठेवली आणि रविवारी पुसली.

पुढचं मला बायकोकडून कळलं, कारण तिला कळत होतं. मुलगी दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एकटीच शिक्षकांकडे गेली. गुण वाढवा असं म्हणाली नाही. तिनं एक कागद पुढे ठेवला. कोणत्या दिवशी कोणत्या गटाशी काय बोलणं झालं, किती वेळ, आणि शेजारी त्या गटाची सही. सात गट, सोळा भेटी. आणि विचारलं, हे तुमच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात येतं? शिक्षकांनी तक्ता पाहिला, कागद पाहिला, पुन्हा तक्ता पाहिला. म्हणाले, असा रकाना नाही. ती काही बोलली नाही, नुसती उभी राहिली. न बोलता उभं राहण्यात तिचा हात कुणी धरू शकणार नाही. शेवटी शिक्षकांनीच प्रस्ताव मांडला. हा तह कसा घडवलास ते पुढच्या गुरुवारी वर्गासमोर दहा मिनिटं सांग, म्हणजे हे सगळं तोंडी धरता येईल. तिनं मान्य केलं, एका अटीवर. पालक नकोत.

गुरुवारी दहा वाजता मी कचेरीत एका बैठकीत होतो. समोर ब्रेकच्या एका भागाची मापं होती आणि ती बरोबर होती की नव्हती ते मला आठवत नाही. मित्राचा दुपारी संदेश आला, त्याच्या मुलीकडून कळलेला: चौदा मिनिटं बोलली, एकदाही कागदात पाहिलं नाही.

घरी आलो तेव्हा ती जेवून उठत होती.

"किती?"

"दोन."

"आणि शिफारस?"

"दिली."

"दोन पूर्ण की दोन वजा? वजा असेल तर सरासरीत..."

"अहो!" बायको आतून म्हणाली.

मुलगी खोलीत गेली, दार लागलं, आणि आतून तिचा आवाज यायला लागला. वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीशी फोनवर. जर्मनमध्ये, भरभर, मधे हसत, कुणाची तरी नक्कल करत. बहुधा माझ्या मित्राची, कदाचित माझी. चाळीस मिनिटं झाली तरी थांबली नव्हती. मी पॅसेजमध्ये पाण्याचा पेला घेऊन उभा होतो. तिनं वर्गासमोर काय सांगितलं ते मला विचारायचं होतं. दर तीन शब्दांतला एक कळत होता. माझ्याशी तिनं त्या दिवशी दोनच शब्द वापरले होते, आणि दोन्ही प्रश्नांना ते पुरेसे होते.

बायको आली, तिनं माझ्या हातातला पेला काढून घेतला आणि मला दारापासून बाजूला केलं.